इस्माईलभाईंनी बांधलेली दोरी

इस्माईलभाईंना मी एकदा भर अंगणात भित्रे म्हणाले होते. आज ते आठवलं की मान खाली जाते.

त्या महिन्यात मुंगसाने माझ्या अकरा कोंबड्या नेल्या होत्या. दिवसाढवळ्या, पासली गावातल्या आमच्या परसातून, मी चुलीपाशी बसलेली असताना. दिवसभर खुराड्यात कोंडायच्या तर त्या गावठी कोंबड्या कसल्या? वैतागून मी भोरहून इस्माईलभाईंना बोलावलं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, पन्नाशी उलटलेली, हत्यारं मुलीच्या जुन्या दप्तरात. वेल्ह्याच्या डोंगरात कुठेही पंप बंद पडला की हेच स्कूटरवरून येणार. आल्यावर आधी पाणी, मग चहा, मग काम.

मी सांगितलं, "परसाभोवती तार ओढा अन् घरातली लाईट थेट जोडा. मेलं मुंगूस तर मरू दे."

त्यांनी पक्कड दप्तरात परत ठेवली. "न्हाई जोडणार, वहिनी."

"एवढे मिस्त्री म्हणवता अन् तारेला भिता? लई भित्रे हायसा!"

"भितो," ते म्हणाले. "रानडुकरासाठी कुणी अशीच तार लावलेली. तिच्यावरनं एक माणूस म्या सोडवलाय. जित्ता न्हवता."

आणि चहा न घेता निघून गेले.

मी दोन दिवस तणतणले. दुसरा मिस्त्री शोधणारच होते, तोवर इस्माईलभाईच परत आले, झटका मशीन घेऊन. बॅटरीवर चालणारं, सेकंदाला एकच झटका, तोही पापणी लवायच्या आत संपणारा. अद्दल घडावी, जीव जाऊ नये, अशा बेताचा. खालची तार त्यांनी जमिनीपासून चार बोटांवर घेतली, मुंगसाचं नाक लागावं म्हणून. वरची कमरेएवढी. अर्थिंगचा गज घराच्या अर्थिंगपासून लांब, ओल्या जमिनीत ठोकला. तारेला टेकणारं गवत मला कापायला लावलं आणि पिवळी पाटी टांगली. मग मशीन चालू करून म्हणाले, "आधी मी धरतो." धरली, आणि "अरं बाबो!" करून उडालेच. मी पोट धरून हसले.

जाता जाता, कुणी सांगितलं नसताना, त्यांनी आंब्यापासून फणसापर्यंत नायलॉनची दोरी बांधली.

"ही कशाला?"

"तार दिसली की तिच्यावर धुणं टाकायची सवय असती. धुणं हितं टाकायचं. मावशींनाबी सांगा."

मावशी म्हणजे माझ्या सासूबाई, अंबूबाई. वय ऐंशीच्या घरात, कानाने कमी. मी घाईघाईत सांगितलं, त्यांनी मान हलवली.

पंधरा दिवस मुंगूस फिरकलं नाही. सोळाव्या दिवशी सकाळी परसातून किंकाळी आली. धावत गेले तर सासूबाई चिखलात बसलेल्या, अनवाणी. ओलं लुगडं निम्मं वरच्या तारेवर, निम्मं खाली. मशीनची टिकटिक चालूच होती. मी आधी मशीन बंद केलं, मग त्यांना धरलं.

"सुलक्षणे, चावली की गं मेली तार!" त्या ओरडल्या, आणि मशीनला, मुंगसाला, मला, सगळ्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. शिव्या ऐकून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. विंझरच्या डॉक्टरांनी तपासलं, काही झालेलं नाही म्हणाले.

फोनवर कळवलं तसे इस्माईलभाई दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. सासूबाईंना दोरीखाली उभं केलं. "मावशी, हात वर करा." पाठीत वाकलेल्या त्या बाईचा हात दोरीपर्यंत पोचतच नव्हता.

"बघा, चूक माझी," ते म्हणाले, आणि दोरी सोडून सासूबाईंच्या हाताच्या मापाने खाली बांधली.

चूक म्हणे त्यांची! मला राहवलं नाही. "इस्माईलभाई, त्या दिवशी तुमी माझं ऐकलं असतं तर..."

"ऐकलं न्हाई ना? मग चहा टाका. मागचाबी राहिलाय."

मी त्या दिवशी काय मागत होते, ते सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी त्या लुगडं पिळून दोरीवर टाकतात. पाणी ठिबकतं, खाली कोंबड्या माती उकरतात. मी चुलीपाशी बसून बघते, आणि त्या भित्र्या माणसाचे मनातल्या मनात पाय धरते.