त्या मुलीचं पुढे काय झालं

दुबईजवळच्या रास अल खैमाच्या शाळेत शिकवता शिकवता मी एम.एड. करत होते. ‘तुमच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याविषयी लिहा’ असा निबंध आला. वर्गात तीस मुलं, पण मला एकावरही लिहायला सुचेना. शेवटी मराठी मंडळाच्या कपाटातून आणलेला जुना दिवाळी अंक उघडला. त्यात एका खेड्यातल्या शिक्षिकेने वर्षभर वर्गात न बोललेल्या मुलीवर लेख लिहिला होता. तो मी सरळ इंग्रजीत उतरवला आणि गावाच्या जागी आमची शाळा घातली. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी कुठे कळतंय. साम्य दोन टक्के आलं, खलास.

प्रोफेसरबाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. वाचताना त्यांचा आवाज भरून आला. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं? मी म्हटलं, आता खूप बोलते, इन्शाल्ला डॉक्टर होईल. इतकं बेधडक खोटं मी नवऱ्याशीही कधी बोलले नाही.

अंक अजून माझ्याकडेच आहे. लेखाच्या शेवटी लेखिकेचा फोन नंबर छापलाय. मुलीचं पुढे काय झालं, ते त्या बाईंना माहीत असणार. पण विचारायचं कुठल्या तोंडाने?