मिस आर्लीन आणि पडद्यामागच्या सहा फेऱ्या

सिल्व्हर हेरन रिसॉर्टच्या मोठ्या दालनात, लिफ्टच्या डाव्या हाताला आमचं टेबल होतं. वर पाटी होती, 'पडद्यामागच्या फेऱ्या इथे निवडा'. त्या टेबलापाशी मी अकरा वर्षं काढली आणि त्यातली दहा वर्षं शेजारच्या खुर्चीवर मिस आर्लीन व्हिडन होत्या. फ्लोरिडाच्या त्या भागात वयाने मोठ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावतात, लग्न झालेलं असो वा नसो. मिस आर्लीनचं तर दोनदा झालं होतं.

फेऱ्या सहा होत्या. रिसॉर्टला लागून असलेल्या मनोरंजन पार्कच्या खालच्या, कामगारांच्या ये-जा करायच्या भुयाराची, शिवणखान्याची, तबेल्याची, रोपवाटिकेची, स्वयंपाकघराची आणि यंत्रांची. शिवाय प्रत्येकीचा एकेक घास चाखवणारी, दिवसभराची आणि सगळ्यात महागडी 'सोनेरी फेरी'. सुट्टीवर आलेली माणसं माहितीपत्रक चाळायची, गोंधळायची आणि महाग आहे म्हणजे चांगलीच असणार, असं धरून सोनेरी फेरीवर बोट ठेवायची. आमचे मॅनेजर केटरिंगसाहेब यांनाही तेच हवं असायचं. मिस आर्लीन मात्र समोरच्याच्या हातातलं पत्रक हळूच काढून घेऊन पालथं ठेवायच्या आणि भलतंच काहीतरी विचारायच्या.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. टेनेसीहून एक जोडपं आलं होतं. मिस आर्लीननी विचारलं, "जादूगाराने रुमाल गायब केला, तर तो गेला कुठे हे तुम्हाला कळायला हवं असतं का?"

"हवंच," नवरा म्हणाला.

"मला नको," बायको म्हणाली.

"मग साहेब, तुम्ही भुयारात जा आणि बाईसाहेब, तुम्ही रोपवाटिकेत. दुपारी जेवायला भेटा. आणि साहेब, खाली काय पाहिलंत ते यांना सांगू नका."

"अहो, पण तीस वर्षांत आम्ही वेगवेगळे असे कुठे गेलोच नाही."

"मग तर जाच."

त्यामागे कारण होतं. भुयारात अस्वलाच्या वेशातला माणूस अस्वलाचं मुंडकं काखेत धरून सँडविच खाताना भेटतो. कुणाला त्याची गंमत वाटते, तर कुणाचा पुढचा सगळा दिवस फिका पडतो. कोण कुठल्या प्रकारचं, हे मिस आर्लीनना दोन वाक्यांत कळायचं. ते दोघं संध्याकाळी परत टेबलापाशी आले. बाईंच्या हातात ऑर्किडची कुंडी होती, नवरा ओठ मिटून हसत होता आणि ती त्याला कोपराने ढोसत होती, "सांग ना, काय होतं खाली?"

मिस आर्लीनना हे जमायचं, कारण पडद्यामागचा सगळा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. वडिलांची फ्रॉस्टप्रूफजवळ संत्र्यांची बाग होती. त्र्याऐंशीच्या नाताळात अशी थंडी पडली की तीन दिवसांत झाडं काळी पडली. पुढच्याच महिन्यात चोवीस वर्षांच्या आर्लीन पार्कच्या धुलाईखान्यात कामाला लागल्या. पाच वर्षं चादरी, मग शिवणखान्यात प्राण्यांच्या वेशांची बटणं आणि शेपट्या, आणि त्यानंतर पंधरा वर्षं तबेल्यात. पार्कच्या मुख्य रस्त्यावर घोड्यांची ट्राम चालायची, ती त्या हाकायच्या. बिस्किट नावाची भली थोरली घोडी होती, कपाळावर वाकडा पांढरा पट्टा असलेली. एका सकाळी नुकत्याच धुतलेल्या रस्त्यावर बिस्किट घसरली आणि मिस आर्लीन तिच्याबरोबर खाली आल्या. घोडी वाचली, पण मिस आर्लीनच्या कमरेचं हाड मोडलं. घोडीला कुरणावर पाठवून दिलं आणि यांना टेबलावर बसवलं. बिस्किट पुढे तिकडेच वारली.

त्यानंतर मिस आर्लीननी तबेल्यात पाऊल टाकलं नाही. दर आठवड्याला त्या वीस-पंचवीस जणांना तबेल्याच्या फेरीवर पाठवायच्या. कुठल्या घोड्याला मान चोळलेली आवडते, तेसुद्धा सांगायच्या. तबेल्यातली माणसं बोलवायची, की मिस आर्लीन, एकदा येऊन जा. त्या म्हणायच्या, "येईन की," आणि विषय बदलायच्या. मीही कधी खोदून विचारलं नाही.

एका मार्चमध्ये, शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरत आली असताना, कोलीन स्टॅझेक आली. ओहायोतल्या टोलीडोची, पंचेचाळिशीची, दंतवैद्याकडे नोकरी करणारी. एकटी होती आणि सोनेरी फेरीचं तिकीट तिने आधीच काढलेलं होतं.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली, "या फेरीत सगळं दाखवतात ना? कामगार असतात त्या सगळ्या जागा?"

"कुठलीच फेरी सगळं दाखवत नाही, बाळा," मिस आर्लीन म्हणाल्या. "तुला काय बघायचंय?"

कोलीनने तिकीट टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "माझे वडील इथे कामाला होते. मी सात वर्षांची असताना ते आम्हाला सोडून इकडे आले. वर्षातून एक पोस्टकार्ड यायचं, पुढच्या बाजूला या पार्कचं चित्र. गेल्या ऑक्टोबरमध्ये वारले. इथे काय काम करायचे, ते मला माहीत नाही. ऑफिसला पत्र लिहिलं होतं. जुन्या कंत्राटी माणसांची माहिती आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं."

"नाव काय त्यांचं?"

"वॉल्टर स्टॅझेक."

मिस आर्लीननी मान हलवली. त्या नावाचं कुणी त्यांना आठवेना. मग त्यांनी कोलीनला खुर्ची दिली आणि मला म्हणाल्या, "वैजी, रांग तू सांभाळ." रांगेत चौदा माणसं होती. मी सांभाळली, पण माझा एक कान तिकडेच होता.

"मोठेपणी कधी भेटलीस त्यांना?"

"एकदाच. आत्याच्या अंत्यविधीला. नऊ वर्षं झाली."

"हात कसे होते?"

कोलीनने आठवून सांगितलं. हात स्वच्छ होते, पण नखांच्या कडांना पिवळं काहीतरी चमकत होतं. मान थोडी पुढे आलेली. आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ते वेदीच्या चौकटीकडे बघत बसले होते. बाहेर आल्यावर मुलीशी पहिलं वाक्य काय बोलले, तर, 'त्या चौकटीवरचा सोन्याचा वर्ख कुणीतरी घाईत लावलाय.'

"तीस वर्षांनी भेटलेल्या मुलीला हे सांगितलं," कोलीन म्हणाली. "वर्ख."

मिस आर्लीन खुर्चीत ताठ झाल्या. "जेवणाच्या डब्यात काय असायचं त्यांच्या, माहितीये? उकडलेली अंडी आणि लसणाचं सॉसेज. मला त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे त्यांना स्टॅश म्हणायचो."

पार्कमधल्या जुन्या लाकडी मेरी-गो-राउंडचे घोडे एकेक करून रंगशाळेत जातात आणि नवा रंग, नवा वर्ख लावून परत येतात. स्टॅश ते काम करायचे. जेवणाच्या सुट्टीत मात्र ते रंगशाळेत बसत नसत. रोज चालत तबेल्यात यायचे, बिस्किटच्या खणासमोरच्या बाकावर बसायचे, खायचे आणि वहीत घोड्यांचे कान, माना, नाकपुड्या काढायचे. सलग नऊ वर्षं. मिस आर्लीन तिथेच लगाम पुसत असायच्या. दोघं फार बोलत नसत.

कोलीनने विचारलं, तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्याबद्दल काही म्हणायचे?"

मी तिकीट फाडता फाडता थांबले. एखादं गोड वाक्य रचून सांगणं किती सोपं होतं. मी त्यांच्या जागी असते तर सांगितलं असतं.

"नाही," मिस आर्लीन म्हणाल्या. "तुझं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नाही. मुलगी आहे, हेसुद्धा मला आत्ता कळतंय. खोटं सांगून तुला परत पाठवणार नाही मी."

कोलीनने मान डोलावली. ती रडली नाही.

"आता निवडायचं बघू," मिस आर्लीन म्हणाल्या. "रंगशाळेत कुठलीच फेरी जात नाही. सोनेरी फेरीत तबेल्यापाशी गाडी जेमतेम सात मिनिटं थांबते, त्यात तुला बाकसुद्धा दिसायचा नाही. ते तिकीट रद्द कर. तबेल्याची फेरी घे, उद्या सकाळी साडेसातची. आणि एक तिकीट मलाही काढ गं, वैजी. उद्या माझी सुट्टी आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली आणि पेनाचं टोपण शोधायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावर लवकर येऊन तबेल्याच्या फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. काठी टेकत त्या फाटकाशी पोचल्या आणि थांबल्या. आतून ओल्या गवताचा आणि घोड्यांच्या घामाचा वास येत होता. फेरीतली बाकीची माणसं पुढे गेली. कोलीन थांबली.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मी पडले तेव्हा घोडी ओरडली होती," मिस आर्लीन म्हणाल्या. "त्याआधी घोडं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो आवाज तिच्याबरोबर इथे येऊन राहिला असेल असं मला वाटायचं." मग काठी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाल्या, "हात दे."

दोघी हातात हात घालून आत गेल्या, मी त्यांच्या मागोमाग. बाक होता तिथेच होता, फक्त त्यावर आता बादल्या ठेवलेल्या होत्या. तबेल्याच्या माणसाने बादल्या उचलल्या. कोलीन बाकावर बसली आणि समोरच्या खणात उभ्या असलेल्या, तिला अनोळखी घोड्याकडे बघत राहिली. मिस आर्लीन कठड्याला धरून उभ्या होत्या. घोड्याने नाक पुढे केलं, तेव्हा त्यांनी ते कुरवाळलं.

तिथून त्या कोलीनला मेरी-गो-राउंडकडे घेऊन गेल्या. मी तोवर टेबलावर परतले होते, पुढचं मला मिस आर्लीननीच सांगितलं. आतल्या रांगेत एक तपकिरी घोडी आहे. मूळ नक्षीप्रमाणे तिच्या कपाळावर सरळ पट्टा हवा. स्टॅशनी तो वाकडा रंगवला, बिस्किटसारखा. वरिष्ठ रागावले, पुन्हा रंगवा म्हणाले. स्टॅश हो म्हणाले आणि रंगवलाच नाही.

कोलीनने त्या पट्ट्यावर बोट फिरवलं. "एका घोड्याच्या कपाळाकडे ते इतकं बघू शकत होते," ती म्हणाली, "मग माझ्याकडे का नाही?"

"तुम्ही काय म्हणालात?" मी मिस आर्लीनना विचारलं.

"तिच्याबरोबर तीन चकरा मारल्या."

सोनेरी फेरीचं काढलेलं तिकीट रद्द करायला लावलं, म्हणून केटरिंगसाहेबांनी मिस आर्लीनना आत बोलावलं. बोलणी खाऊन झाल्यावर त्या निघाल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "रंगशाळेची सातवी फेरी सुरू करा." साहेबांनी नाही म्हटलं. दोन महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या, पावसाळ्यात पुन्हा गेल्या. चौथ्यांदा म्हणाल्या, "मला नाही म्हणायच्या आधी एकदा स्वतः जाऊन बघा." साहेब गेले. पंधरा मिनिटांत येतो म्हणाले होते, दोन तासांनी आले. बाहीला वर्खाचा कपटा चिकटलेला होता. आम्ही दोघींनीही त्यांना ते सांगितलं नाही.

पुढच्या वसंतात सातवी फेरी सुरू झाली. एका वेळी सहाच माणसं. पत्रकात ती केटरिंगसाहेबांची कल्पना म्हणून छापली गेली. मी चिडले. मिस आर्लीन म्हणाल्या, "छापू दे. आता ती बंद पाडायला त्याला स्वतःलाच लाज वाटेल."

पहिल्या फेरीत कोलीन होती. रंगशाळेचे म्हातारे मुकादम तिला म्हणाले, "तुझा बाप महाहट्टी. वर्ख उडेल म्हणून भर ऑगस्टमध्ये पंखा बंद करायला लावायचा. आम्ही घामाने निथळायचो आणि हा शिट्टी वाजवायचा. तीही बेसूर." कोलीन मोठ्याने हसली. फेरी संपल्यावरही ती तासभर तिथेच होती आणि मुकादम तिला एकेक किस्सा सांगत होते. माणूस कसा होता, हे तिला तिथे थोडंफार कळलं. त्याने मुलीला का सोडलं, ते मात्र मुकादमांनाही माहीत नव्हतं.

मिस आर्लीन त्यानंतर दर सोमवारी, कामावर चढण्याआधी, तबेल्यात जाऊ लागल्या. पुढे लोक फोनवरच फेरी निवडायला लागले आणि आमचं टेबल उचललं गेलं. मला दुसऱ्या विभागात घेतलं. त्या निवृत्त झाल्या आणि फ्रॉस्टप्रूफला बहिणीकडे राहायला गेल्या. इतकी वर्षं मी माणसांशी बोलायची नोकरी केली, पण समोरचा मागतोय ते देण्याआधी त्याला काय हवंय ते विचारावं, आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबावं, हे मी त्या एका बाईकडून शिकले. अजून पुरतं जमलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले, तर त्या घरात नव्हत्या. मागे कुंपणापाशी उभ्या राहून शेजाऱ्याच्या खेचराला गाजर भरवत होत्या.

"जवळ येऊ नकोस," मागे न बघताच म्हणाल्या, "चावरं आहे. तू आत जा आणि भुईमुगाच्या शेंगा उकळत ठेवल्यात, त्यांचं मीठ बघ."