आधार टाका, मग वाघ सांगा

इंदूबाईंना जीपमध्ये आडवं केलं तेव्हा त्यांचा खांदा माझ्याच दुपट्ट्याने बांधलेला होता. मोहफुलं वेचायला गेल्या होत्या. वाघिणीने झडप घातली. सोबतच्या बायांनी आरडाओरडा केला म्हणून ती पळाली.

"हात राहीन ना जी?" एवढंच त्या विचारत होत्या.

मी चंद्रपूर जिल्ह्यात वनपाल आहे. आमच्याकडे वाघ दिसला की गावकरी व्हॉट्सॲपच्या अलर्ट ग्रुपवर टाकतात आणि त्या बाजूला कोणी फिरकत नाही. साधी गोष्ट, पण माणसं वाचतात. त्या आठवड्यात एकही मेसेज नव्हता. जंगल शांत आहे असं मी धरून चालले होते.

ग्रुप गप्प का होता, तेही सांगते. काही दिवसांपूर्वी कोणीतरी फोटो टाकला, शाळेच्या गेटवर वाघ उभा. बघता बघता रस्त्यावर ही गर्दी, हातात काठ्या, पोरं वर्गात कोंडलेली. मी पोचले, फोटो मोठा करून पाहिला. वाघाला पुढचे पाय तीन! मोबाइलवर कोणीतरी बनवलेला. कपाळावर हात मारून घेतला.

आमचे रेंज ऑफिसर साहेब भडकले. जुना ग्रुप बंद केला. नव्या ग्रुपमध्ये यायचं तर आधी लिंकवर आधार नंबर टाकायचा, मग मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. म्हणजे माणूस कोण ते पक्कं. त्यातही मेसेज ऑफिसने पास केला तरच सगळ्यांना दिसणार. वर सूचना होतीच, अफवा पसरवाल तर गुन्हा दाखल होईल.

"साहेब, लोक घाबरतील," मी म्हटलं.

"खरं बोलणाऱ्याला कसली भीती?"

लोक नव्या ग्रुपमध्ये आलेच नाहीत. मीटिंगमध्ये साहेबांनी छाती फुगवून सांगितलं, "अफवा झिरो."

इंदूबाईंना चंद्रपूरला भरती केलं आणि मी नाल्यापलीकडच्या गावात गेले. वाघिणीचे पगमार्क, म्हणजे पावलांचे ठसे, तिकडूनच आले होते. तिथे देवरावभाऊ भेटले. जुन्या ग्रुपवर सगळ्यांत भरवशाची खबर त्यांचीच असायची.

"भाऊ, वाघीण कोणाला दिसली होती का?"

"मलेच दिसली जी, परवा. दोन पिलं होती संगं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना. आमच्या गावात घरोघरी सांगतलं. आमचं कोनी गेलंच नाई तिकडं."

"आणि इंदूबाईंच्या गावात?"

"तेच्यासाठी तर ग्रुप होता, मॅडम."

नाल्याच्या या बाजूला पोराटोरांनाही माहीत, त्या बाजूला एकालाही नाही.

"अहो, आधार टाकून सांगायचं की!"

"आधार टाकलं का माह्यं नाव गेलं. मंग तुमीच इचारसान, देवराव, बंदीच्या जंगलात काऊन गेला होता? बांबू आनाले गेलतो, मॅडम. काय सांगू?"

इतकी वर्षं या जंगलात नोकरी केली, पण त्यांच्या या बोलण्याने मी हादरले. वाघ जंगलात दिसतो. आणि ज्याला दिसतो, तो बरेचदा तिथे असायलाच नको असतो. आमचा सगळा ग्रुप कोणी नाव विचारत नाही एवढ्याच भरवशावर चालला होता.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बांबूची केस करायची का त्याच्यावर?"

"करा साहेब. पुढच्या वाघाची खबर मग तुम्हीच आणा."

केस झाली नाही. आधारची लिंकही साहेबांनी काढून टाकली. इंदूबाईंचा हात राहिला, पण खांद्याच्या वर जात नाही. मोहाची टोपली आता सून उचलते.

जुना ग्रुप पुन्हा सुरू आहे. परवाच कोणीतरी बसस्टँडवर झोपलेला वाघ टाकला. मी शिव्या घालत गाडी काढली आणि बघून आले. खोट्या खबरीने फार तर डिझेल जळतं. ग्रुप दोन दिवस गप्प राहिला, की मी नाल्यापलीकडे जाऊन देवरावभाऊंचं दार ठोठावते.