विहिणीचा घास

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत विज्ञान आणि आरोग्य धोरणाचा विभाग मी सांभाळते. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात मी बैठकांना जाते आणि एकच गोष्ट दरवेळी नव्या साहेबांना पहिल्यापासून समजावते. गावच्या आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासता, तसं लोकांचं तोंडही उघडून बघा. तीन बोटं उभी आत जात नसतील तर त्या माणसाला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवा. याला मशीन लागत नाही. साहेब मान डोलावतात, चहा येतो आणि काही दिवसांनी साहेबांची बदली होते.

माझी मोठी बहीण बालाघाटजवळ किरनापूरला असते. ती लहानपणापासून रोज सकाळी गुडाखूने दात घासते. गुडाखू म्हणजे गूळ आणि तंबाखूची काळी पेस्ट. आमच्याकडच्या बायका त्याला व्यसन मानत नाहीत, दात साफ करायची वस्तू मानतात. यावरून मी तिच्याशी किती भांडले असेन! ती निवांतपणे चूळ भरायची आणि म्हणायची, "तुह्या साहेबाइले समजाव आधी."

मागच्या दिवाळीत गेले तेव्हा ती भाताचे चिमूटभर घास घेऊन जेवत होती. मी तिला परसात उजेडाला नेलं आणि तोंड उघडायला लावलं. दोन बोटंही जाईनात. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, शेजारी न भरलेली जखम. पुढचं सगळं मला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसतं तर बरं झालं असतं असं त्या क्षणी वाटलं.

"उद्याच नागपूरला चल."

तिने माझा हात धरून मला पायरीवर बसवलं. "पोरीचं जमलं हाये लामत्याले. तुकडा काढून तपासाले पाठवला का गावभर होते. मंग कोन करते माह्या पोरीले? लगन होऊ दे, मंग तू म्हनशीन तिथं येईन."

"तोपर्यंत ते थांबणार नाही गं."

"काहून नाही थांबन? इतके दिवस थांबलंच ना?"

वर कुणाला सांगायचं नाही म्हणून तिने मला पोरीची शपथ घातली. भाऊजींना अर्धंमुर्धं माहीत होतं. ते म्हणाले, "माह्यं आयकते का ते?" मला तिचा राग आला, भाऊजींचा आला, लामता गावच्या, न पाहिलेल्या सासरच्या लोकांचाही आला. लोकांना 'लवकर या' सांगण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि सख्ख्या बहिणीला मला पायरीवरून हलवता येत नव्हतं.

हिवाळ्यात भोपाळला बैठक झाली. नव्या साहेबांनी विचारलं, "हे पेशंट इतक्या उशिरा का येतात? अडाणीपणा, दुसरं काय!" उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण बोलले असते तर रडले असते, म्हणून मी पाणी प्यायले.

लग्न उन्हाळ्यात झालं. मी पोचताच बहिणीने बजावलं, "तू काय काम करतं ते सांगू नको. हाफिसात हाये म्हन." मी तेच सांगत फिरले.

लग्न लागल्यावर विहिणींची पंगत बसली. आमच्याकडे या पंगतीत नवरदेवाची आई नवरीच्या आईला स्वतःच्या हाताने पहिला घास भरवते, आणि तो घ्यावाच लागतो. नाही म्हटलं तर मान ठेवला नाही असं होतं. विहिणीने अख्खा बुंदीचा लाडू उचलला. बायका चेकाळल्या, "पुरा खा लागते, विहीनबाई!"

बहिणीने उघडेल तेवढं तोंड उघडलं. लाडू दातांवर टेकला आणि तिथेच थांबला. विहीण क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने लाडू तळहातावर कुस्करला आणि एकेक कळी तिच्या तोंडात घातली. बायकांना ते लाड वाटले. त्या हसत होत्या, मला मात्र तिथे बसवेना.

हात धुताना विहीण माझ्याजवळ आली. "माह्या सासूचंबी असंच झालतं," ती हळूच म्हणाली. "काहून सांगतलं नाही तुमी? आमी काय लगन मोडलं असतं?"

मोडलंही असतं, कोण जाणे. सून घरात आल्यावर असं म्हणणं सोपं असतं. पण बहीण माझ्या मागेच उभी होती आणि तिने ते ऐकलं. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला तिच्याकडे बघवलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी तिला नागपूरला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर माझ्या ओळखीचे, कित्येक बैठकांना आम्ही शेजारी बसलोय. त्यांनी मला आत बोलावलं, ऑपरेशनची वेळ निघून गेली म्हणाले, आणि विचारलं, "निदान तुम्ही तरी आधी आणायचं ना?" मी फाइल उचलली.

बाहेर बहीण बाकावर पदर सावरून बसली होती. काय म्हणाले ते तिने विचारलं नाही.

"पहिल्या दिवाळीले पोरगी अन् जवाई येतीन," ती म्हणाली. "तोवर सगळ्याइसंग बसून जेवता येईन ना मले?"

मी तिच्या शेजारी बसले आणि हौ म्हटलं.