मुका केलेला गजर

बाबांच्या हाताला सलाइनचा पंप लावला होता. त्यांनी हात जरा वाकवला की तो किंचाळायचा. दुपारी सिस्टर आल्या, आवाजाच्या जाळीवर कापसाचा बोळा ठेवला आणि वरून चिकटपट्टी लावली.

"अहो सिस्टर, खरंच काही बिघडलं तर कळणार कसं?" मी विचारलं.

"दिवसभर उगाच ओरडतं ते. पेशंटला झोप नाही. बनवणारे कधी वॉर्डात येतात का?"

त्या पंपाचं सॉफ्टवेअर मीच लिहिलं होतं. आमच्या कंपनीत, यंत्रानं काय करायचं ते ठरवणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या सिस्टिम विभागातल्या बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, 'नळीत अडथळा आला की गजर व्हावा.' नुसता हात वाकवला तरी नळी दुमडून तो होणार, हे मला तेव्हाच दिसलं होतं. कागदात नाही ते माझं काम नाही, म्हणून मी वर गेलो नाही. बाईही कधी खाली उतरल्या नाहीत. चाचणीत पंप पास झाला, आम्ही दोघांनी पेढे खाल्ले. एका जिन्याचा कंटाळा इतक्या लांब पोचतो, हे ठाऊक नव्हतं.

सिस्टर गेल्यावर मी खुर्ची बाबांजवळ ओढली आणि थेंबांवर नजर ठेवून बसलो. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांचाही पंप असाच मुका केलेला होता. त्यांच्याजवळ कोणीच नव्हतं.