रांगोळीतलं झाड आणि शिवानीची सोयरीक

आमच्या शिवानीची सोयरीक इंग्रज, इराणी आणि मी, अशा तिघांनी मिळून मोडायला घेतली होती. पहिले दोघं त्या दिवशी लातुरात नव्हते, म्हणून सगळं माझ्या एकटीवर आलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं आमच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीतून झालं. (अर्धी हकिकत मी वाचायची आणि उरलेल्या अर्धीत कुणीतरी हळद घेऊन जायचं, असं ते शिक्षण.) मग शिवानीनं, म्हणजे माझ्या नातीनं, मला फोन घेऊन दिला आणि त्यात एक प्रोफेसर सापडले. ते सांगायचे की हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा गवताळ मुलखात एक भाषा होती, तिची लेकरं पांगली, आणि त्यांतूनच आपले, इराण्यांचे, इंग्रजांचे शब्द झाले. आपलं नाव, त्यांचं नेम. आपलं दार, त्यांचं डोअर, आणि निजामाच्या काळापासून आपल्या तोंडात बसलेला दरवाजा, सगळी एका आईची लेकरं!

मला वेडच लागलं म्हणा. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी 'नवा' आणि 'न्यू' कसे भाऊ आहेत ते समजावून सांगितलं. तो नवा नळ न बसवताच गेला. सूनबाई महादेवी बादली उचलत म्हणाली, "आई, आता टँकर येईस्तोवर पाण्याचं मूळ शोधा."

अशात शिवानीचं जमत आलं. मुलगा नांदेडला नोकरीला, गाव बिलोलीकडचं, तेलंगणाच्या वेशीवरचं. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. आमचा बसवराज, म्हणजे शिवानीचा बाप, मोठ्या मिनतवारीनं तयार झाला होता. गोत्र वेगळं आहे याची खात्री करून झाली होती. आता फक्त मुलाच्या आजोबांनी, आप्पांनी, आमच्या घरी येऊन 'हो' म्हणायचं होतं. त्या घरात आप्पा बोलल्याशिवाय चूल पेटत नाही, असं ऐकलं होतं. शिवानी सकाळपासून हातातला रुमाल पिळत बसली होती.

मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. आमचं आडनाव जोगे, त्यांचं जुवाडे. आमच्यातला जोग आला योगातून. त्यांच्यातलं जू, बैलाच्या मानेवरचं, ते आलं युगातून. योग आणि युग एकाच मुळाचे, आणि इंग्रज जुवाला योक म्हणतो तोही तिथलाच. काय हा योग! मी बैठकीत पाटासमोर मोठ्ठं रांगोळीचं झाड काढलं. बुंधा एक. एका फांदीवर 'जोगे', दुसरीवर 'जुवाडे'. जोगेच्या फांदीला हिरवं पान, त्यात शिवानीचं नाव. जुवाडेच्या फांदीलाही पान, त्यात मुलाचं नाव. खाली लिहिलं, 'मूळ एकच'.

पाव्हणे आले. हात जोडून शरणार्थ झालं, पाणी झालं. महादेवीनं चुरमुऱ्याची सुशीला पुढं ठेवली. आप्पांनी घास उचलला, तोंडाजवळ नेला, आणि त्यांची नजर रांगोळीवर गेली. घास परत ताटलीत.

"हे काय हाय?" आप्पा.

"आपल्या दोन घरांचं मूळ, आप्पा," मी अभिमानानं म्हणाले. "लई मागं जाऊन काढलंय."

"किती मागं?"

"हजारो वर्षं."

"आन् तिथं आपण एकच?"

"एकच! एका बुंध्याचे."

आप्पांनी ताटली बाजूला सारली. "मग हे दोघं भाऊ-बहीण झाले की."

बसवराज म्हणाला, "आप्पा, आईचं काही मनावर घेऊ नका, ती फोनवर बघून बोलून राहिली." मग माझ्याकडं वळून, दात न उघडता, "आई, आत जा."

आत जाईल ती मी कसली! मी म्हणाले, "आप्पा, मूळ शब्दांचं एक आहे हो, माणसांचं न्हाई."

"शब्द काय झाडावर राहतेत का? माणसाच्याच तोंडात राहतेत की."

"पण असं तर इंग्रजांचं आणि आपलंही मूळ एक आहे."

"हाव का?" आप्पा बसवराजकडं वळले. "इंग्रज बी तुमचेच पाव्हणे? सोयरीक ठरवताना हे सांगितलं न्हाई कुणी."

"आप्पा, गोत्र वेगळं हाय ना आपलं," बसवराज काकुळतीला आला.

"गोत्र तोंडानं सांगितलेलं. हिथं तर तुमच्या आईनं चित्र काढून दिलंय." आप्पा उठले. चपलांकडं जायचं तर रांगोळी मध्ये, आणि स्वतःचं आडनाव कोण तुडवणार! म्हणून ते भिंतीला धरून कडेकडेनं निघाले. दारामागं शिवानीच्या रुमालाची वात झाली होती. तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की नळवाल्यावरच थांबायला पाहिजे होतं.

इतका वेळ मुलाची आजी, तिला सगळे अव्वा म्हणत, सुशीला खात बसली होती. ताटली रिकामी करून ती म्हणाली, "कुठलं जुवाडे घेऊन बसलाव? आपण काडीवार की."

आप्पा भिंतीला चिकटल्या जागीच थबकले. "ते कशाला काढून राहिली तू आता?"

"मग काय करू? पोराचं लगीन मोडू?" अव्वा माझ्याकडं वळली. "तेलुगूत जुवाला काडी म्हणतेत, ताई. ह्यांच्या घरात आजवर तेलुगूच. ह्यानला मराठी शाळंत घातलं तवा मास्तरला काडीवार आवडंना. अर्थ इचारला आन् ठोकून दिलं जुवाडे. ह्यानला बी ते झोकदार वाटलं."

आप्पांचे कान लाल झाले. माझ्या मात्र डोक्यात दिवा लागला. तेलुगू! तिचं तर कूळच निराळं. प्रोफेसरांनी त्यावर एक अख्खा भाग केला होता.

"आप्पा," मी हात जोडले, "काडी तेलुगू असेल तर आपलं काहीच एक न्हाई. ना मूळ, ना खोड. इंग्रजाशीही तुमचं नातं न्हाई, इराण्याशीही न्हाई."

"नक्की?"

"शिवानीची शपथ." (सकाळपासून सगळं जग एक आहे म्हणणारी मी, आता दोन घरांत काही म्हणता काही सारखं नाही म्हणून गयावया करत होते.)

मी तिथंच खाली बसले आणि पदरानं जुवाडेची फांदी बुंध्यापासून पुसून टाकली. मुलाच्या नावाचं पान अधांतरी राहिलं. आप्पांनी ते वाकून, नीट बघून घेतलं. मग परत येऊन बसले, सुशीलेची ताटली ओढली आणि म्हणाले, "न्हाई, मुलगी तर पसंतच होती."

दारामागून रुमाल फेकल्याचा आवाज आला.

महादेवी पेढ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. रीतीनं पहिला पेढा आप्पांना द्यायचा. तेवढ्यात आप्पा सैलावून मला म्हणाले, "ताई, तुमचा अभ्यास लई दांडगा दिसतो. मला सांगा, ह्या पेढ्याचं..."

महादेवी जागच्या जागी वळली आणि तिनं दोन पेढे एकदम माझ्या तोंडात कोंबले.

पेढा हा शब्द कुठून आला, ते मला पाठ होतं. सांगणार कशानं?