नाक्यावर उभे राहिलेले मधूकाका

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात गवतावरून भांडत होते. खरंच सांगते, गवतावरून. आमच्या गेममध्ये वारा आला की गवताची पाती एकाच दिशेला झुकतात की थोडी इकडेतिकडे, यावर माझं आणि आमच्या टीमचा प्रमुख निखिल याचं तासभर चाललं होतं. काकूचा फोन दोनदा वाजला, मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा काकू एवढंच म्हणाली, "मनू, हे उठत नाहीत गं." सकाळचे साडेदहा. मधूकाका चहा पिऊन खुर्चीत बसले होते, बसल्या जागीच गेले. कॉलेज रोडवरून नाशिकरोडला पोहोचेपर्यंत रिक्षात माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती, आणि ती ऐकून कुणीही मला वेड्यात काढेल. काकांना दिलेला एक शब्द मी पाळला नव्हता. अर्ध्या दिवसाचं काम होतं. चार महिने ढकललं होतं.

मधूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. आयुष्यभर काटे आणि दिवे बघत बसायचं काम, आणि दर तासाला वहीत नोंद. त्यांच्या नोकरीत एक नियम होता, तो त्यांच्या अंगात इतका भिनला होता की घरातही सुटायचा नाही. बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन "घेतला चार्ज" म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. काकूचं माहेर देवळ्याचं. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नादिवशी यांचा रिलीव्हर आलाच नाही. काका सोळा तास खुर्चीत बसून राहिले आणि तिकडे देवळ्याला काकू मांडवात एकटी. "सगळे इचारायचे, जावईबापू कुठंयत? मी काय सांगू, दिवे राखत बसलेत?" हे वाक्य मी लहानपणापासून किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. काका त्यावर पेपर थोडा वर धरायचे, इतकंच.

निवृत्तीनंतर या माणसाचं काय करायचं, हा घरात मोठाच प्रश्न झाला. दिवसभर फ्रीजचा आवाज ऐकत बसायचे आणि कॉम्प्रेसर कधी सुरू होतो, कधी बंद होतो ते काकूला सांगायचे. काकू वैतागली. तेव्हा मीच शक्कल लढवली. आम्ही एक रोल-प्लेइंग गेम बनवतोय. म्हणजे तुम्ही त्यातलं एक पात्र व्हायचं, वाटसरू, आणि डोंगरातल्या एका मुलखात गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं, वाटा शोधायच्या. माझं मुख्य काम त्यातली माणसं काय बोलतील आणि काय काय घडेल ते लिहिण्याचं, पण टीम छोटी, त्यामुळे बाकीचंही सगळेच करतो. म्हटलं, काका, हा लॅपटॉप घ्या, खेळा, आणि कुठं काय चुकतंय ते लिहून ठेवा. काकांचे डोळे असे चमकले की काय सांगू! दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि सकाळी नऊला आंघोळ करून, शर्ट खोचून ड्युटीवर बसले.

त्यांच्या नोंदी आमच्या ऑफिसात गाजल्या. "विहिरीवर पोहरा आहे, दोर नाही. पाणी कसे काढतात?" "अनोळखी माणूस गावात शिरला तरी कुत्रा भुंकला नाही. आजारी आहे का?" "लोहाराचा भाता बंद आहे आणि लोखंड लाल आहे. हे कसे?" आम्ही पाच जणांनी सहा महिने गवत हलवलं होतं, पाण्यात ढगांचं प्रतिबिंब पाडलं होतं. काकांनी गवताबद्दल एक ओळ लिहिली नाही. चांगलं नाही आणि वाईटही नाही.

आणि ती मडकी! अशा गेममध्ये रीतच असते की कुणाच्याही घरात शिरायचं, मडकी फोडायची, आत औषध नाहीतर हत्यार सापडतं. काका फोडेचनात. हत्यार नाही, औषध नाही, मग व्हायचं ते झालं. पहिल्याच जंगलात लांडग्यानं त्यांना बारा वेळा खाल्लं. मी समोर बसून कपाळाला हात लावला. म्हटलं, "काका, फोडा ना! सगळे फोडतात."

"दुसऱ्याच्या घरात शिरून? त्याची बायको पाणी कशात भरेल मग?"

"अहो, पण ते खरं नाहीये!"

काकांनी चष्मा काढला, पुसला... आणि अगदी सरळपणे विचारलं, "मग खरं वाटावं म्हणून एवढी मरमर कशाला करता तुम्ही लोक?"

मी चिडले. माझा स्वभावच तो. घरी जाताना सिग्नलला उभी असताना मात्र लक्षात आलं की म्हातारा आमच्या सगळ्यांच्या पुढे निघून गेलाय. आम्ही डोळ्यांना खरं वाटेल असं करत होतो. काका तिथं वागताना खऱ्यासारखे वागत होते. खेळात रमणं म्हणजे काय यावर आम्ही ऑफिसात केवढ्या चर्चा झोडल्या, पण ज्या जगात आपल्याला लाज वाटते, भीड पडते, त्या जगात आपण शिरलेलो असतो, ही साधी गोष्ट मला त्या माणसानं बाराव्यांदा मरून शिकवली. मग मी लोहाराकडे काम करून हत्यार मिळवायची सोय केली. काकांनी तीन दिवस इमानेइतबारे भाता ओढला. लांडगा मेला त्या दिवशी काकूकडून शिरा करून घेतला.

आणि मग तो नाक्यावरचा पहारेकरी आला. दुसऱ्या गावाच्या वेशीवर एक पहारेकरी उभा असतो. तो वाटसरूला म्हणतो, "पाव्हणं, घटकाभर हितं उभं ऱ्हावा. नाक्यावर कुणी नाय. भाकर खाऊन आलोच." हे वाक्य मी पाच मिनिटांत लिहिलं होतं. गंमत अशी ठेवलेली की तो गेला रे गेला की खेळणाऱ्यानं गुपचूप आत सटकायचं. सगळे तेच करतात. त्यामुळे पहारेकरी परत येतो, हे मी लिहिलंच नव्हतं. गरजच काय होती?

दुपारी तीनला, मीटिंग चालू असताना काकांचा फोन. "मनू, तुझा पहारेकरी अजून आला नाही गं."

"कुठला पहारेकरी?"

"नाक्यावरचा. भाकर खाऊन येतो म्हणाला. सकाळी दहाला गेलाय."

मी हसत सुटले. आणि एक वाईट काम केलं... फोन स्पीकरवर टाकला. म्हटलं, "काका, परत सांगा ना." त्यांनी बिचाऱ्यांनी परत सांगितलं, पहिल्यापासून, नीट. सगळे खो खो हसले. काका हळूच म्हणाले, "तू त्याला परत आणलंच नाहीस का?"

"नाही हो काका. तिथं कुणी थांबतच नाही."

"मी थांबलो ना."

आजही हे तीन शब्द आठवले की मला स्वतःचीच चीड येते. पाच तास तो माणूस लॅपटॉपसमोर बसून होता. काकूनं ताट तिथंच आणून दिलं, तेही पडद्यावरची नजर न काढता जेवला. उगीच नाही, कुणीतरी विश्वासानं नाका सोपवून गेलं होतं म्हणून.

त्यानंतर काका पुढे गेलेच नाहीत. मी सांगून पाहिलं, काका, पुढचं गाव फार सुंदर आहे, तळं आहे, जत्रा आहे, चला ना. ते म्हणायचे, "नाक्यावर कुणी नाही ना पण." रोज सकाळी लॅपटॉप उघडायचा, बघायचं, वहीत लिहायचं, बंद करायचा. मी म्हटलं, करते, पुढच्या व्हर्जनमध्ये येतो तो. पुढचं व्हर्जन आलं, तो आला नाही. निखिल म्हणाला, जे कुणी बघणारच नाही त्यावर वेळ कशाला घालवायचा? निखिलला कशाला नावं ठेवू, मलाही तेच वाटत होतं. शिवाय रागही होता, काय हा हट्ट, एवढं मोठं जग बनवलंय ते सोडून एका भाकरीवर अडून बसलाय! त्याच्या पुढचंही व्हर्जन गेलं. नंतर काकांनी विचारणं सोडून दिलं. मी गेले की "चहा घे" म्हणायचे, ऑफिसची चौकशी करायचे आणि तो विषय काढायचे नाहीत. मला वाटलं, विसरले. सुटले बाई!

भंतेजी येऊन गेले, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. मग मी ती वही उघडली. शेवटच्या कितीतरी पानांवर एकच ओळ होती, रोज, त्याच नेटक्या अक्षरात. "पहारेकरी आला नाही." शेवटची ओळ ते गेले त्या दिवसाची. म्हणजे चहाच्या आधी त्यांनी पाहून घेतलं होतं. मी वही मांडीवर घेऊन ढसाढसा रडले. काकूला वाटलं काकांसाठी रडतेय. होतेच, पण लाजेनंही रडत होते.

दुसऱ्या दिवशी निखिलला न विचारता कामाला बसले. सकाळी सुरू केलं, दीडला संपलं. चार महिने ज्याला वेळ नव्हता ते जेवणाच्या सुट्टीआधी झालं, बोला! तशीच उठून काकूकडे गेले. काकू हॉलमध्ये लसूण सोलत बसली होती. काकांचा खेळ जिथं थांबला होता तिथून उघडला. राखाडी मुंडासं बांधलेले काका वेशीवर, गावाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभे. राखणीला जसं उभं राहायचं तसे. थोड्या वेळानं मागून पहारेकरी आला, मिशा पुसत. "आलो बरं का पाव्हणं. लय ताटकळलात. घेतला मी नाका."

काकूनं लसणाची परडी बाजूला सरकवली. "हाच का तो?"

"हो."

"मेल्या, आता येतोस होय!" काकू पडद्यावर खेकसली. आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. मी बटणावर बोट ठेवलं होतं, पण काकांना तिथून हलवायला हात होईना.

काकूनंच डोळे पुसले. म्हणाली, "झाली ना ड्युटी? मग बसव ना त्यांना. किती दिसाचे उभे हायेत."

आमच्या गेममध्ये पळता येतं, पोहता येतं, कड्यावरून उडी मारता येते. मी मान खाली घालून सांगितलं, "काकू, बसता येत नाही गं. तसं काही केलंच नाही आम्ही."

"एवढं मोठं गाव बांधलं आन् माणसाला बसता येत नाय?" काकूला राग नव्हता आला, ती खरंच चकित झाली होती.

निखिलला हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं गवताचं काम माझ्या यादीतून काढून टाकलं. मी आठवडाभर एवढंच करत होते. गुडघे कसे वाकतात, हात कुठं टेकतो, म्हातारा माणूस बसताना आधी मागे बघतो की नाही. काल पुन्हा काकूकडे गेले. वेशीजवळच्या दगडी ओट्यावर काका पहिल्यांदा बसले. नीट जमलेलं नाही अजून, डावी मांडी थोडी दगडात घुसते, मान जरा कलते. मी म्हटलं, "थांब काकू, परत उभे करून नीट बसवते."

काकूनं माझा हात धरला. "राहू दे. आता उठवू नको."